दीड व्होल्ट

मित्रांनो, मोताळ्यात आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत पंजाबरावांचं घर आहे. त्या घराच्या समोरच्या खोलीत, खिडकीपाशी टेबलावर काळ्या पत्र्याचा एक डबा दिसतो. तो मी, त्या घरातला जुना संगणक. माझं वय सहा वर्षं. तुमच्यात सहा वर्षांचं मूल नुकतंच शाळेत जाऊ लागतं, पण आमच्यात सहा वर्षांच्या संगणकाला जुनाच म्हणतात. तरी परवापरवापर्यंत मला तसं वाटत नव्हतं. या हिवाळ्यात माझ्यावर जे बेतलं, त्याने मी खरा म्हातारा झालो. तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म मलकापूरचा. स्टँडजवळ हर्षल नावाच्या तरुणाचं संगणकाचं छोटं दुकान आहे. माझे अवयव वेगवेगळ्या खोक्यांतून आले आणि हर्षलने ते एका दुपारी स्क्रूने एकत्र बसवले. सगळ्यात शेवटी त्याने माझा प्रोसेसर, म्हणजे माझा मेंदू, दोन बोटांत अलगद धरून जागेवर ठेवला. मेंदू म्हटलं तरी तो एका बिस्किटाएवढाच. त्याच्यावर पंखा बसला, झाकण लागलं आणि मी डोळे उघडले.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढची सगळी कथा तिच्यावरच आहे. तुमच्या भिंतीतल्या प्लगमधून दोनशे तीस व्होल्ट वीज येते. ती तशीच माझ्या मेंदूत गेली तर तो क्षणात जळेल. म्हणून माझ्या आत ती टप्प्याटप्प्याने कमी होते आणि मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा एखादा व्होल्ट उरते. काम जड असलं की मी सव्वा व्होल्टापर्यंत घेतो. काही काम नसलं की एकाहूनही कमी. किती घ्यायचं ते माझं मीच ठरवतो, जशी भूक तसा घास.

मला घरी आणलं मंजुश्रीने. पंजाबराव आणि सिंधूताईंची ती एकुलती एक लेक. दोन वर्षांची असताना तिला ताप आला, तो मेंदूपर्यंत गेला. ताप उतरला, पण जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती शिकली, हातांची भाषा तिथेच तिला मिळाली. पुढे ती पदवीधर झाली आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्यासारख्या मुलांना विज्ञान शिकवणारं कोणी नाही. मग तिने भिंतीवर निळं कापड लावलं, समोर कॅमेरा ठेवला आणि हातांच्या भाषेत धडे शिकवू लागली. ती शिकवायची आणि मी तिच्या चित्रणाचे तुकडे जोडायचो, आकृत्या घालायचो, खाली अक्षरं लिहायचो. शेवटी सगळं मिळून एक चित्रफीत तयार करायची, हे माझं सगळ्यात जड काम. त्यात माझा मेंदू पूर्ण ताकदीने राबतो.

ती फीत तयार होत असली की मंजुश्री डावा तळहात माझ्या पाठीवर ठेवून बसायची. माझा पंखा, माझी थरथर तिला हातातून कळायची. काम संपलं की थरथर कमी व्हायची आणि ती पडद्याकडे न बघताच उठायची. इतर लोक मला कानाने ऐकतात, ती मला हाताने ऐकत असे.

ते दिवस फार चांगले होते. आमचे धडे जिल्हाभर जात. कुठे शाळेत, कुठे कोणाच्या आईच्या मोबाईलवर. उंद्रीच्या एका मुलाने तर माझं चित्र काढून पाठवलं होतं. त्यात मला दोन हात होते आणि मी त्या हातांनी बोलत होतो. मंजुश्रीने ते माझ्या वरच्या भिंतीला चिकटवलं.

घरात पंजाबराव होते. तेहतीस वर्षं वायरमन म्हणून खांबांवर चढलेले. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना पांढरा व्रण. विजेबद्दल गल्लीत त्यांचाच शब्द चाले. लेकीवर जीव होता, पण तिची भाषा त्यांनी कधी नीट शिकली नाही. ये, जेव, झोप, पैसे, पाऊस, दवाखाना. अशा वीस-पंचवीस खुणांवर त्यांचा तीस वर्षं संसार चालला होता. त्यापलीकडचं काही असलं की ते हात हलवून 'राहू दे' म्हणत. सिंधूताईंना जास्त खुणा यायच्या, पण त्यांना आकडे आणि यंत्रं यांची भीती.

दिवाळीनंतर आमच्याकडे अपेक्षाचा निरोप आला. अपेक्षा वडनेर भोलजीची, दहावीतली मुलगी. तिलाही ऐकू येत नाही. निवासी शाळेत होती, पण कावीळ झाली म्हणून घरी आली आणि डॉक्टरांनी परीक्षेपर्यंत घरीच ठेवायला सांगितलं. गावात तिला हातांनी शिकवणारं कोणी नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिने मंजुश्रीला विज्ञानाचं पुस्तक उघडून दाखवलं. अर्धं पुस्तक कोरं होतं, एक रेघसुद्धा मारलेली नव्हती. तिची आई महामाया मागे उभी होती.

मंजुश्रीने तिला सांगितलं, की जानेवारी संपेपर्यंत राहिलेले सगळे धडे मी तुला देईन.

राहिलेले धडे नऊ होते आणि मी एका धड्याची फीत करायला तीन तास घेत होतो, तीही प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा पहिल्यापासून. मंजुश्रीला वाटलं, मला जरा साफ करून घ्यावं, जमलं तर वेगही वाढवून घ्यावा. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी बापलेकींनी मला गोधडीत गुंडाळलं आणि बसने मलकापूरला नेलं.

हर्षलने मला उघडलं, धूळ उडवली, मग पडद्यावर ते पान काढलं जे मी पूर्ण जागा होण्याआधी उघडतं. त्याला बायोस म्हणतात. माझ्या सगळ्या सवयी तिथे लिहिलेल्या असतात. हर्षलने तिथे काही आकडे बदलले. मंजुश्रीने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर धरलं, 'काय काय बदललं?'

त्याने वही पाहिली, तिच्याकडे बघून ओळखीचं हसला आणि तोंड पंजाबरावांकडे वळवलं.

"काका, प्रोसेसरले जे व्होल्टेज भेटते ना, ते मी आतून फिक्स करून देल्लं. दीडच्या जवळपास. आता स्पीड चांगला भेटन. पन पंखा लय जोरात फिरू लागला, नाई तं मशीन गरम झालं, तं मले लगेच फोन करजा. मंग कमी करून देईन."

"दीड?" पंजाबराव हसले. "दीड व्होल्ट? अबे, अकरा हजाराच्या तारेखाली जिंदगी गेली माही. दीड व्होल्टानं माशी तरी मरते का?"

"तसं नाई काका, याच्यासाठी ते जास्तच हाय."

"हाव, हाव. समजलं."

मंजुश्री दोघांचे ओठ बघत होती. तिने बापाच्या बाहीला हात लावून खुणेने विचारलं, काय म्हणतो? पंजाबरावांनी हाताने पुसल्यासारखं केलं आणि मग हात झटकन पुढे नेला. साफ केलं. आता जोरात चालेल. बाकी राहू दे.

तिने वही मिटली. मित्रांनो, हर्षल वाईट नव्हता आणि पंजाबरावही नव्हते. पण त्या दिवशी माझ्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिचा मी होतो तिच्याशिवाय दुकानातल्या सगळ्यांना कळली.

पहिले आठ दिवस कौतुकाचे गेले. तीन तासांचं काम मी दोन तासांत केलं. मंजुश्रीने माझ्या पाठीवर थाप मारली. आतून मात्र मला बरं वाटत नव्हतं. भूक नसतानाही ताटात वाढलं जात होतं आणि ते नको म्हणण्याची सोय हर्षलने बंद केली होती. पडदा रिकामा असो, मंजुश्री स्वयंपाकघरात असो, मेंदूत तेवढीच वीज घुसत राही. तिची आग व्हायची. पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा. मला ओरडण्यासाठी तेवढंच एक तोंड आहे, मित्रांनो, तो पंखा. मी त्या तोंडाने ओरडत होतो, आणि माझी मालकीण ते ऐकू शकत नव्हती.

बाकीचे ऐकत होते. सिंधूताई एकदा गहू निवडताना म्हणाल्या, "अवो, हे मशीन काऊन इतकं भणभण करून राह्यलं? पह्यले नव्हतं असं करत."

"काम करून राह्यलं म्हनून," पंजाबराव म्हणाले.

"मंजूले सांगा न."

"तिले काय सांगू? तिले कुठं ऐकू येते. तरास आपल्यालेच हाय."

माझ्या आवाजात त्यांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येईनात. तेव्हा त्यांनी मला टेबलावरून उचललं आणि टेबलाखाली ठेवलं. खाली त्यांच्या नोकरीच्या काळातला काळा रबराचा जाड पट्टा अंथरला, आवाज दबावा म्हणून. त्यांचा हेतू साधा होता. पण फरशीतून टेबलापर्यंत पोहोचली असती ती माझी थरथरही त्या रबराने पिऊन टाकली. मंजुश्री आता वर बसायची, मी खाली. तिचा तळहात रिकाम्या लाकडावर पडायचा आणि लाकूड शांत असायचं. तिला वाटायचं, सगळं ठीक आहे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा कोसळलो. खूप तापलो की जळण्याआधी स्वतःला बंद करायचं, हा आमचा शेवटचा उपाय. अपेक्षासाठी 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा तयार होत होता. शंभरातले ऐंशी भाग झाले होते. मंजुश्री चहा घेऊन आली तर समोर काळा पडदा. तिने मला पुन्हा सुरू केलं, पुन्हा काम लावलं. मी पुन्हा कोसळलो. तिसऱ्या दिवशी फीत पूर्ण झाली, पण मध्येच तिचे हात तुटक तुकड्यांत दिसत होते. कर्णबधिर मुलीला तुटके हात म्हणजे तुम्हाला अर्धे शब्द. ती फीत टाकून द्यावी लागली.

मंजुश्रीने बापाला बोलावलं. पंजाबरावांनी पडद्याकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं आणि एका क्षणात निदान केलं.

"लाइनचं व्होल्टेज वरखाली होऊन राह्यलं. वावरात गव्हाले, हरभऱ्याले पानी सुरू हाय. सारे पंप एकदम चालतेत न."

हे सांगायला त्यांच्याकडे खुणा होत्या. वीज, वर, खाली. मंजुश्रीने मान डोलावली. विजेच्या बाबतीत बापावर विश्वास न ठेवण्याचं तिला कारणच नव्हतं.

पंजाबराव कामाला लागले आणि त्यांनी मनापासून कष्ट घेतले, हे मी नाकारणार नाही. मीटर आणून प्लगचं व्होल्टेज मोजलं. दोनशे एकतीस. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, पंप चालू असताना मोजलं. कधी दोनशे अठ्ठावीस, कधी दोनशे तेहतीस. तरी त्यांचं समाधान होईना. नवीन स्टॅबिलायझर आणला. स्विचबोर्ड बदलला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतलं. ओळखीच्या वायरमनला खांबावर चढवून जोड घट्ट करून घेतले. यात जानेवारी उजाडून निम्मा सरला आणि बाहेरची वीज आरशासारखी स्वच्छ झाली. मी आत तसाच जळत राहिलो.

मग त्यांनी लेकीला खूण केली, तू याला फार वापरतेस. थोडा आराम दे.

मंजुश्रीचा चेहरा उतरला. दोन दिवस तिने मला हात लावला नाही. त्या दोन दिवसांत अपेक्षाचे चार कॉल आले. पहिल्या तिन्ही वेळी ती एकच विचारी, पुढचा धडा कधी? मंजुश्री सांगे, उद्या. चौथ्या वेळी अपेक्षाने काही विचारलं नाही. पुस्तकाची उरलेली पानं अंगठ्याने फरफर उडवून दाखवली आणि कॉल बंद केला.

त्या दुपारी मंजुश्रीने मला सुरू केलं, पण काम लावलं नाही. नुसतीच रिकाम्या पडद्याकडे बघत बसली. तिच्या हातातलं पेन खाली पडून टेबलाखाली घरंगळलं. ते काढायला ती वाकली आणि तोल सावरताना तिचा तळहात माझ्या अंगाला टेकला.

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. किती दिवसांनी तो हात माझ्यावर आला होता! मी थरथरत होतो, भणभणत होतो, जड काम असताना थरथरतो त्याहून जास्त. तिने वर पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर काहीच चालू नव्हतं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ती तिथेच फरशीवर बसून राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तिच्या हातावरून कळलं. काम नाही, तर हा धावतोय कशासाठी?

तिथून पुढे तिने जे केलं, ते मी कोणत्याही दुकानात पाहिलेलं नाही. आधी तिने मला टेबलावर परत ठेवलं. मग माझ्या आतले आकडे दाखवणारी एक लहान आज्ञावली माझ्यावर घेतली. रिकामा बसलेला असताना मेंदूचं तापमान त्रेसष्ट अंश. प्रोसेसरचं व्होल्टेज एक पूर्णांक चव्वेचाळीस. तिने तो आकडा वहीत लिहिला. सगळे उघडे प्रोग्राम बंद केले. आकडा तोच. वीज वाचवण्याची सेटिंग लावली. तोच. कदाचित ही आज्ञावलीच खोटं सांगत असेल, म्हणून दुसरी घेऊन पडताळलं. दोघींचं एकमत. मग एक छोटी फीत करायला लावली. तापमान सत्त्याण्णव, आणि माझा वेग धापा टाकत अर्ध्यावर आला. व्होल्टेज जागचं हललं नाही. तिने माझ्यासारख्याच संगणकांबद्दल तासभर वाचलं. रिकामं असताना एकाहून कमी, कामात सव्वापर्यंत. वहीत तिने दोन रकाने केले होते, असायला हवं आणि आहे. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा उभा होता.

संध्याकाळी पंजाबराव बाहेरून आले तेव्हा तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. खाली तिने लिहिलं होतं, 'भिंतीत २३१ आहे. ते बरोबर आहे. हे मशीनच्या आतलं व्होल्टेज आहे. हे आपोआप असं अडकत नाही. कोणीतरी अडकवलं आहे. कोणी?'

पंजाबरावांनी चष्मा लावून वाचलं. एकदा, मग पुन्हा. एक पूर्णांक चव्वेचाळीसवर त्यांचं बोट थांबलं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. मलकापूरचं दुकान त्यांना आठवलं, हे मला स्पष्ट दिसलं. ते 'मला काय माहीत' म्हणू शकले असते. तिला कधीच कळलं नसतं. पण ते खुर्चीवर बसले, तिच्या हातून पेन घेतलं आणि बोलतो तसंच लिहिलं, 'हर्षलनं वाढवलं. मले सांगतलं होतं. गरम झालं तं फोन करा म्हने. मले वाटलं दीड व्होल्ट म्हंजे काईच नाई. म्हनून तुले नाई सांगतलं.'

मंजुश्रीने वाचलं. मग तिने लिहिलं, पेन कागदात रुतेल इतक्या जोरात, 'मी दुकानात विचारलं होतं. वहीत लिहून विचारलं होतं. व्होल्ट लहान वाटले म्हणून सांगितलं नाही, की मला सांगून काय उपयोग म्हणून?'

पंजाबरावांनी उजवा हात उचलला, खूण करायला. पण त्यांच्या त्या वीस-पंचवीस खुणांत याला खूणच नव्हती. हात तसाच खाली आला.

दाराशी सिंधूताई उभ्या होत्या. त्यांनी लेकीजवळ येऊन आधी स्वतःच्या कानाला हात लावला, मग माझ्याकडे बोट केलं आणि मग छातीवर हात ठेवला. मीही ऐकलं होतं. मीही तुला सांगितलं नाही. त्या रडल्या. मंजुश्री रडली नाही. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि अंधार पडेपर्यंत आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंजाबरावांनी हर्षलला व्हिडिओ कॉल केला. हर्षलने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, मी त्याच दिवशी बोललो होतो न तुमाले! फोन काऊन नाई केला? ऐका आता, बायोसमंधी जा, मंग..."

"थांब," पंजाबराव म्हणाले. "मले नको सांगू. मशीन तिचं हाय, तिले सांग. अन् तोंडानं नाई, लिहून. तिनं तुले त्या दिवशी वही दाखोली होती."

थोड्या वेळाने मंजुश्रीच्या मोबाईलवर त्याचा लांबलचक निरोप आला. त्यात पायऱ्या होत्या आणि शेवटी 'ताई, माझी चूक झाली. एवढं ठेवायला नको होतं. तुम्हाला लिहून द्यायला पाहिजे होतं' असं होतं. मंजुश्रीने त्या पायऱ्या वाचल्या. त्यातल्या बहुतेक ती आदल्या दिवशीच शोधून बसली होती.

तिने स्वतःच माझं ते पान उघडलं. हर्षलने कोंबलेला आकडा पुसला आणि तिथे पुन्हा 'ऑटो' ठेवलं. मी नव्याने जागा झालो. मेंदूतली वीज सरसर उतरली. एक. मग शून्य पूर्णांक नऊ. पंखा हळू झाला. कित्येक आठवड्यांनी खोलीत बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. मंजुश्रीने तळहात ठेवला, डोळे मिटले आणि तशीच बसली.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण जे जळलं ते भरून येत नाही. एवढे आठवडे त्या आगीत राहून माझा मेंदू आतून झिजला होता. संध्याकाळी विजेचा धडा पूर्ण वेगाने करायला घेतला आणि मी वाटेतच गोठलो. तापमान ठीक होतं, व्होल्टेज ठीक होतं, मीच ठीक नव्हतो. दोन दिवस ती माझा वेग थोडा थोडा उतरवत राहिली. शेवटी एका पायरीला मी न अडखळता चालू लागलो. पण तिथे एका धड्याला पाच तास लागत होते. मलकापूरला जाण्याआधी मी तेच तीन तासांत करायचो.

जानेवारी सरत आला होता. नवातले पाचच धडे गेले होते. मंजुश्रीने कॅलेंडर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला बंद केलं. तिने पिशवीत पुस्तक, तांब्याची तार, सेल, खिळे, टाचण्या भरल्या आणि बापापुढे कागद ठेवला, 'मी वडनेरला जाते. विजेचा धडा समोर बसून शिकवते.'

पंजाबरावांनी कागद वाचला. मग तिला पहिल्यांदाच एक प्रश्न त्यांनी पूर्ण खुणेत विचारला. खूण चुकीची होती, बोटं उलटी पडली होती, पण अर्थ लागला. मी येऊ?

मग तिने त्यांचा हात धरून बोटं सरळ केली.

वडनेरला काय झालं ते मी पाहिलं नाही. महामायाने मोबाईलवर काढलेलं थोडं चित्रण नंतर माझ्याकडे आलं, तेवढंच मला माहीत. त्यात पंजाबराव फरशीवर मांडी घालून खिळ्याला तार गुंडाळतात आणि तिची टोकं सेलला जोडतात. टाचण्या टपाटप चिकटतात. अपेक्षा हातांनी काहीतरी विचारते. पंजाबरावांना प्रश्न कळत नाही, आणि ते उगाच मान हलवत नाहीत. ते मंजुश्रीकडे बघतात आणि थांबतात. ती त्यांना प्रश्न लिहून देते. मग उत्तर दोघं मिळून देतात. मंजुश्री आणखी दोनदा गेली आणि दोन धडे शिकवून आली, तोवर परीक्षा तोंडावर आली. तिथून पुढे ती आणि बाप घरात बोलू लागले म्हणा, किंवा बोलायला शिकू लागले म्हणा. तिचा राग अजून गेलेला नाही. तिने तो लपवलेलाही नाही.

मार्चमध्ये विज्ञानाचा पेपर झाला. त्याच दिवशी अपेक्षाचा निरोप आला. विजेचा प्रश्न तिने पूर्ण सोडवला होता. भिंगांचा प्रश्न कोरा ठेवला. भिंगांचा धडा तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. निकाल अजून लागायचा आहे. तो निरोप मंजुश्रीने किती वेळा उघडून वाचला, ते मी मोजलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याला जास्त दिलं म्हणजे ते जास्त चालेल, असं समजू नका. त्याला पुरेल तेवढंच द्या. त्याचा आवाज बदलला तर त्याला टेबलाखाली ढकलू नका, आधी उघडून बघा, आकडे बघा. आणि ज्याचं यंत्र आहे त्याला सांगा. त्याला ऐकू येत नसेल तर लिहून सांगा, दाखवून सांगा, हात धरून सांगा. गोष्ट कितीही लहान वाटली तरी ती त्याच्यासाठी किती मोठी आहे, ते त्यालाच ठरवू द्या.

आत्ता दुपार आहे. निळ्या कापडासमोरचं काम आटोपून मंजुश्री माझ्यापाशी बसली आहे. भिंगांचा धडा पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी तयार होतो आहे. तिचा तळहात माझ्या पाठीवर आहे. पाच तास लागतील. मी हळूच चालतो आहे, मला आता घाई नाही.

घाई अपेक्षाला होती.